उशीची डावी बाजू

९ एप्रिल

दवाखान्यातून आल्यापासून बघतेय — सूनबाई बसतच नाही! बाळाला पाजते तेही भिंतीला टेकून, उभ्यानं. ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून जेवते. विचारलं की एकच उत्तर, ‘काही नाही आई, ठीक आहे.’ माझा मुलगा विचारेल म्हणून वाट पाहिली. तो बाळाच्या शीचा रंग पाहण्यात दंग!

१० एप्रिल

नर्सबाई तपासायला घरी आल्या. आधी बाळाचं वजन केलं. मुलानं शंका विचारून विचारून त्यांचं डोकं खाल्लं — सगळ्या बाळाच्याच. शेवटी त्यांनी आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

बाहेर आल्यावर सूनबाईच्या देखतच सांगितलं. टाके चांगले आहेत, पण सूज आहे. शिवाय बाळंतपणात माकडहाड दुखावलंय. बर्फ कापडात गुंडाळून ठेवायचा, कोमट पाण्यात बसायचं, कुशीवर पडून पाजायचं, गोळ्या वेळेवर घ्यायच्या. गोळ्या तर ती घेतच नव्हती! दुधातून बाळाला जातील, ही भीती. ‘चालतात म्हणूनच दिल्यात,’ नर्सबाई म्हणाल्या.

आत रडलीही म्हणे. पाजायची वेळ झाली की नको वाटतं, असंच राहिलं तर पाजणं सोडून देईन म्हणाली. परक्या बाईपुढे मोकळी झाली आणि माझ्यापुढे ‘ठीक आहे’! वाईट वाटलं. राग नाही आला. — थोडा आला.

११ एप्रिल

गोळी, बर्फ, कुशीवर पाजणं. दुपारी गाढ झोपली. बाळ रडलं तेव्हा मुलाला पिटाळलं, तिला उठू दिलं नाही.

पण दिवसभर आडवं किती पडायचं? बसता आलं पाहिजे. नर्सबाई म्हणाल्या होत्या, मागून खाच असलेली उशी बाजारात मिळते. बाजारात! माझा जन्म गेला गाद्या शिवण्यात. हॉटेलच्या खुर्च्या, बसच्या सीटा, दंतवैद्याची ती लांबलचक खुर्ची — सगळं या हातांनी केलं. आणि घरच्या बाळंतिणीला मी उशी विकत आणू?

१२ एप्रिल

फोम कापला. माकडहाडापाशी खाच, टाक्यांपाशी मऊ थर. गिऱ्हाइकाची गादी खुर्चीच्या मापानं होते. इथे मापाचं काम नाही. म्हणून स्वतःच बसून बसून बेतली — टोचलं तिथे काढायचं, पोकळ लागलं तिथे भरायचं. संध्याकाळी अशी जमली की मलाच उठवेना! मुलगा म्हणाला, ‘आई, ही उशी नक्की कुणासाठी?’

१३ एप्रिल

फजिती! सूनबाई बसली आणि डावीकडे कलली. तरी म्हणतेच, ‘छान आहे.’ चेहरा पांढरा पडलेला. मी तिला हात देऊन उठवलं आणि उशी ओढून घेतली. टेबलावर ठेवून पट्टी लावली — डावी बाजू चांगली बोटभर खाली. इतक्या वर्षांच्या कामावर पाणी! रात्री जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल

उशी उसवली. आज तिच्यावरच बेतायचं ठरवलं. ती पलंगाच्या कडेला, मी खाली पाटावर. ‘इथे टोचतं का?’ — ‘ठीक आहे.’ मग मात्र माझं टाळकं सटकलं. म्हटलं, ‘हा शब्द या घरात आजपासून बंद. दुखतं की नाही तेवढं सांग.’

मग म्हणाली, ‘दुखतं आई. खूप दुखतं.’ मग बोट ठेवून दाखवायला लागली — इथे जास्त, इथे कमी. मी काढत गेले, भरत गेले.

दुपारी खुर्चीत बसून पाजलं! अजून दुखतंय, पण सोसवतं म्हणाली. पाजताना पहिल्यांदाच बाळाच्या तोंडाकडे बघत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

नंतर तिनं विचारलं, पहिली उशी अशी डावीकडे का उतरली? म्हटलं, मी बसते तशी झाली. मी डाव्याच अंगावर बसते. कधीपासून? म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या वेळी बाळंत झाले तेव्हापासून. त्यात काय, सगळ्याच बायका तशा बसतात.

ती माझ्याकडे बघत राहिली.

१६ एप्रिल

बाळाचं वजन वाढलं. मुलगा शेजाऱ्यांना सांगत सुटलाय.

१८ एप्रिल

टाके दाखवायला उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी बाळाची पिशवी भरायला घेतली, तर सूनबाई म्हणाली, ‘बाळ त्याच्यापाशी राहील. तुम्ही चला. दोन नंबर लावलेत — एक माझा, एक तुमचा.’

मला काय धाड भरलीय, मी ठीक आहे, म्हटलं.

‘तो शब्द बंद आहे ना, आई?’

दुखतं. — आधी इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या तिथे तोंडातून निघेल.