दाराबाहेरच्या चपला

रविवार, कसबा बावडा

आजही आमच्या घरी येशूच्या प्रार्थनेला आलेल्यांच्या चपला पोत्यात भरून आत घेतल्या. मागच्या महिन्यात दारातल्या चपला बघूनच ते टोळकं घरात घुसलं होतं. "लोकांना बाटवताय व्हय?" म्हणत दादाला बडवलं. त्याचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे.

शांताआत्या मात्र ऐकत नाही. तिनं चपला उंबऱ्याबाहेरच काढल्या. मी चिडलेच, "आत्या, आत घे की!"

"देवाकडं आलोय, चोरी कराय न्हाय," म्हणाली आणि जाऊन बसली.

गीतं हळू आवाजात म्हटली. माझं सगळं लक्ष दाराकडं. असली कसली माझी प्रार्थना?

नंतर दार उघडलं, तर आत्याच्या चपला गायब. मला रडूच फुटलं. माझ्या देत होते, तिनं घेतल्या नाहीत. म्हणाली, "त्या नव्या हायत गं, चावत्यात. ज्यानं नेल्या त्याच्या पायाला फोड यायला नको." आणि तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालत घरी गेली.

मला वाटलं, येऊ देत की चांगले टरटरून फोड! अजूनही तेच वाटतंय. देवा, आत्यासारखं मन मला कुठलं?

पण पुढच्या रविवारी माझ्या चपला बाहेर असतील.