बाजाराच्या पाण्याचा तांब्या

मालेगाव, चैत्र वद्य पंचमी

पाहुण्याला असं पाणी या घरात आजवर कुणी दिलं नसेल. तो तांब्या अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मागच्या बैठकीत मी नागपूरला आमच्या प्रांताच्या कौन्सिलात सभासद म्हणून इथल्या बाजारासाठी विहीर मागितली. सरकारचं उत्तर आलं, पाण्याची सोय समाधानकारक आहे. घरी बायकोला ते वाचून दाखवलं.

आज जिल्ह्याचे साहेब पाहणीला आले ते उन्हातून थेट आमच्या ओसरीवर. हिनं गूळ ठेवला, तांब्या ठेवला. साहेबांनी पेल्यात ओतलं, तर गढूळ पाणी! मी शरमेनं उठलोच.

"बाई, हे पाणी कुठलं?" साहेबांनी विचारलं.

दाराआडून ही म्हणाली, "नाल्यातलं हाये साहेब. बजारातले लोक हेच पेतात. तुमीच समाधानकारक म्हनता, म्हून आनलं."

हिच्यावर असा संतापलो होतो! आता वाटतं, माझ्या एवढ्या लांब भाषणात हे एक वाक्य काहून नव्हतं?

साहेब उठले. मग मला घेऊन नाल्यापर्यंत गेले आणि नव्या विहिरीसाठी जागा ठरवून तिथं स्वतः काठी रोवून आले. परतल्यावर त्यांनी पुन्हा पाणी मागितलं. हिनं तोच तांब्या लख्ख घासून आणला, आमच्या विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरून.