दमदमच्या विमानतळावर मी केलेलं सरबत

कलकत्ता,
जून १९७०

तीर्थस्वरूप दत्तात्रयमामांस,

चारुदत्तचा साष्टांग नमस्कार (इथल्या उकाड्यामुळे लादीवर पालथा पडूनच लिहितो आहे, त्यामुळे नमस्कार शब्दशः साष्टांग समजावा). तुमचा गुडघा कसा आहे? आईचा रक्तदाब नियमित तपासला जातो ना? ती तुमच्याकडे साताऱ्याला आहे म्हणून मी इथे निर्धास्त असतो. आम्ही तिघं, म्हणजे मी, नलिनी आणि मंदाकिनी, खुशाल आहोत. महिनाभर पत्र नाही याचा राग आला असेल. कारण कळल्यावर तो वाढेल की जाईल, हे मला सांगता येत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

मंदासाठी देवधरांचं स्थळ आलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुलगा मुंबईला, आणि वडील श्यामराव आसामात चहाच्या मळ्यावर मोठे अधिकारी. ते आणि त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई मुंबईला जाताना दमदमला विमान बदलणार होते, तेवढ्या वेळात तिथल्या लाउंजमध्ये मुलगी पाहून घेऊ, असं त्यांनी कळवलं. (लाउंज म्हणजे विमानाची वाट पाहायची गुबगुबीत खोली. आपल्या एसटी स्टँडवर बाकं असतात, तिथे सोफे असतात, वाट तेवढीच पाहावी लागते.) मंदा म्हणाली, दादा, मला यायचं नाही. मी म्हणालो, एवढे मोठे लोक वाट वाकडी करून भेटताहेत, ते काही नाही. मग तीही म्हणाली, बरं, येते, समोरासमोर बोललेलंच चांगलं. मला वाटलं माझा शब्द चालला.

आता तुम्ही साताऱ्याच्या दारूबंदी मंडळाचे चिटणीस, त्यामुळे पुढचं लिहिताना हात जरा अडखळतो. पण आमच्या ऑफिसातल्या गुरुदत्तने मला बजावलं होतं की मळ्यावरच्या माणसांपुढे नुसता चहा ठेवणं म्हणजे हलवायाला पेढा देणं; त्यांना कॉकटेल विचारायचं असतं. कॉकटेल म्हणजे दारूचं पंचामृत. कृती त्याने तोंडी सांगितली: एक भाग कडक, दोन भाग मवाळ, वर बर्फ. मी ती पाठ केली. तिथे बारवाला असणार, मी फक्त ऐटीत हुकूम सोडायचा, एवढीच माझी कल्पना होती. मुलीकडची बाजू कुठे म्हणून कमी पडू द्यायची नाही, हे मी ठरवलं होतं, आणि मी एकदा ठरवलं की काय होतं ते तुम्ही माझ्या मुंजीत पाहिलंच आहे.

दमदमला पोचलो तर आकाश काळं झालेलं. वैशाखातली इथली वादळं दुपारी सांगून येतात आणि न सांगता जातात. देवधरांचं आसामचं विमान उतरलं होतं, मुंबईचं रखडलं होतं. श्यामराव उंच, गलमिशावाले, बोलायला मऊ; प्रेमलताबाई कमी बोलणाऱ्या, पण नजर सुईसारखी. लाउंजमध्ये मात्र चिटपाखरू नव्हतं. चौकशी केली तर कळलं की बारवाल्यासकट सगळ्यांनी आतल्या खोलीत साहेबांना घेराव घातला आहे. एक बेअरा तेवढ्यात पाणी प्यायला बाहेर आला होता. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला की बाटल्या मांडलेल्या आहेत, बर्फ पेटीत आहे, आपलं आपण करून घ्यावं, साहेब सुटले की सेवा पूर्ववत होईल. आणि घोषणा द्यायला परत गेला.

दुसरा कोणी असता तर लिंबूसोडा देऊन मोकळा झाला असता. मी कोट काढला, बाह्या सारल्या आणि त्या काउंटरमागे जाऊन उभा राहिलो. श्यामराव अहो राहू द्या, अहो राहू द्या म्हणत होते, पण माघार घेण्याची वेळ टळली होती. जिन, लिंबाचा गोड अर्क आणि सोडा इथवर सगळं सापडलं. ऐन वेळी नेमकं कडक एक भाग की दोन, हे डोक्यातून गेलं. पाहुण्यांना देताना हात आखडू नये, या संस्काराने मी दोन धरले. प्रेमलताबाईंनी नुसतं लिंबाचं सरबत मागितलं. ते मी लेबल निघालेल्या एका बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात केलं. वर चिमूटभर मीठ, मिरपूड.

श्यामरावांनी घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बराच वेळ खिडकीतून वादळ पाहत राहिले. मग म्हणाले, झणझणीत आहे. प्रेमलताबाईंनी घोट घेतला, ग्लासकडे पाहिलं, श्यामरावांकडे पाहिलं, आणि ग्लास खाली न ठेवता म्हणाल्या, सरबत छान झालंय. तेव्हा कुठे मी ती बाटली हुंगली, मामा. ते पाणी नव्हतं. मी ग्लास परत मागायला हात पुढे केला, पण बाईंनी दुसरा घोट घेतला होता आणि मळ्यातल्या जळवांविषयी बोलायला सुरुवात केली होती.

मी श्यामरावांचा ग्लास सुधारायला घेतला. सोड्याची बाटली उघडताना निम्मी माझ्याच शर्टावर आली. तेव्हा मंदा उठली. माझ्या हातातून ग्लास घेतला, नवा घेतला, बर्फ, अर्क, जिन, सोडा, लिंबाची चकती, एकदाच चमचा फिरवला आणि त्यांच्यापुढे ठेवला. श्यामरावांचा चेहरा सैल झाला.

"हा हात सरावाचा आहे," ते म्हणाले. "कुठे शिकलात?"

मी घाईने म्हणालो की ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते.

"शाळेत नाही शिकले," मंदा म्हणाली. "बागबाजारला प्रणव सेन म्हणून आहेत. त्यांच्या वडिलांना रविवारी असं लागतं. मी प्रणवशी लग्न करणार आहे. दादाला सांगायचा धीर होत नव्हता, आणि तुम्हाला पत्राने नकार कळवणं मला बरं वाटेना. म्हणून आले."

आत घेराववाल्यांची घोषणा झाली. मी भिजल्या शर्टाने उभा. मला वाटलं आता हे लोक उठतील आणि आपल्या घराण्याचं नाव मुंबईपर्यंत विमानाने जाईल. पण प्रेमलताबाईंनी मंदाचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"मला लग्न लावून मळ्यावर पाठवताना कोणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मीही सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस."

श्यामराव बायकोकडे असे पाहू लागले, जणू त्यांना आत्ताच कोणीतरी मुलगी दाखवत होतं. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि तिला हळूच विचारलं, मुंबईत चार दिवस जास्त राहू या का? विमान सुटेपर्यंत ते दोघंच बोलत होते.

टॅक्सीत मी शर्ट पिळत होतो. मंदाने विचारलं, दादा, रागावलायस की घाबरलायस? मी खरं ते सांगितलं, घाबरलोय. कोणाला? आईला. त्यावर ती इतकी हसली की मलाही हसू आलं, आणि मी टॅक्सी बागबाजारला वळवली. (मराठे शहरात शिरू नयेत म्हणून एके काळी याच बाजूने खंदक खणायला सुरुवात केली होती. आम्ही टॅक्सीने गेलो.) प्रणव हावड्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. सडपातळ, चष्मेवाला. मला पाहून इतका गडबडला की चुकीच्या पायात चपला घालून स्वागताला आला. लहानपणी झोप येत नसली की आजी मराठ्यांची भीती घालायची, असं त्याने मला चहा देताना प्रामाणिकपणे सांगितलं. अशा माणसाशी वैर धरणं मला जमेना. घरी येऊन नलिनीला सगळं सांगितलं, तर माझी ही अर्धांगी म्हणाली, हो, शनिवारी जेवायला बोलावलंय त्याला. तिला वर्षभर माहीत होतं.

तरी मामा, या बाबतीत घाईने काही करू नये, तुमचा सल्ला घ्यावा, या मताचा मी आहे. सवडीने कळवावं. आईला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
चारुदत्त

ता. क. सल्ला सावकाश दिलात तरी चालेल. नोंदणी लग्नाच्या नोटिशीची महिन्याची मुदत संपली आणि परवा मंदाचं लग्न झालं. साक्षीदार म्हणून मी सही केली. अक्षर वळणदार आलं.

ता. क. २. आईला मी कळवलेलं नाही. ती फक्त तुमचं ऐकते. हे पत्र मिळेल तेव्हा मंदा आणि प्रणव साताऱ्याला यायला मुंबई मेलमध्ये बसलेले असतील, म्हणून हातात वेळ थोडा आहे. कृपा करून आज संध्याकाळीच तिच्यापाशी बसा.

ता. क. ३. एसटी स्टँडवर त्यांना घ्यायला जाल तेव्हा प्रणवला काहीही विचारू नका, प्रवास कसा झाला हेसुद्धा नाही. त्याने एकच मराठी वाक्य पाठ केलं आहे, आईसाठी. ते वाटेत तुमच्यावर खर्च झालं तर घरी पोचेपर्यंत त्याला पुन्हा आठवेलच, याची मंदाला खात्री नाही.