बाबांच्या जहाजावरची खिडकी

मॉरिशस
१९ नोव्हेंबर

प्रिय नितेश,
तुला ताईचे आशीर्वाद.

आज सकाळी बाबांचं जहाज पाहिलं. माशांना घर व्हावं म्हणून ते इथे मुद्दाम बुडवलंय. पाण्याखाली पोहायला शिकवणारा माणूस हात धरून खाली घेऊन गेला. मी सुखरूप आहे, हे आईला आधी सांग.

फोनवर आई तुझ्या शेजारीच असते, म्हणून बाकीचं लिहिते. बाबा गेल्यावर तिने एकच मागितलं होतं, त्यांची खिडकी बघून ये. सुट्टीवर आले की ते तिला सांगायचे ना, "रांधताना खिडकेतसून आख्खो दर्या दिसता गो, वारो तर इचारू नको!"

जहाजाच्या स्वयंपाकघराच्या दारातून मी टॉर्च मारली. शेगडीवर शिंपले चिकटलेत. चारही भिंती नीट पाहिल्या. खिडकी नाही रे. कधी नव्हतीच, सगळा सलग पत्रा आहे. इतकी वर्षं ते त्या कोंदट जागेत रांधत होते.

मास्कमध्ये डोळे पुसता येत नाहीत.

आई विचारेल. सांग, खिडकी मोठी आहे, मासे तिच्यातून ये-जा करतात.

तिचे गुडघे कसे आहेत? भांडुपला पाणी वेळेवर येतं का? मी आता इथे एकटीपुरता भात लावते.

तुझी,
रश्मीताई