दिवसातून दोनशे बारा वेळा

३ मार्च, मंगळवार

सोडला! सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या हातानं. आमच्या विभागाच्या बाईसाहेब म्हणाल्या, "तुझं बाळ आहे, तूच दाब." दाबलं. आणि पाच हजार लोकांच्या कॉम्प्युटरवर आमचा — छे, माझा! — नवा स्टार्ट मेनू जाऊन बसला.

नऊ वर्षं या कंपनीत दुसऱ्यांच्या खिडक्यांचे कोपरे गोल करत बसले. आता पहिल्यांदा अख्खी गोष्ट माझी. जुना मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, उघडला की प्रोग्रामांची ही लांबलचक यादी. वीस वर्षं तीच! मी बटण उचलून मधोमध आणलं, यादी काढून टाकली, मोठे रंगीत चौकोन केले. आणि खरी गंमत म्हणजे चौकोन आपले आपण सरकतात. जे जास्त वापराल ते वर चढतं, बाकीचं खाली जातं. कुणी काही करायलाच नको!

सगळ्यात वर एक ओळ. दर वेळी उघडलं की वेगळी. चाळीस लिहिल्यात मी, घरात बोलतो तशा. 'आलात का? बसा.' 'पाणी प्यालात?' 'पाठ सरळ ठेवा बघू.' त्यातल्या दोन आमच्या मोजणीवाल्यानं मुद्दाम दुर्मीळ ठेवल्यात, दहा हजारांत एकदा दिसतील अशा — 'आज काय बेत?' आणि 'आलेच हं!' म्हणाला, "थोडं नशिबावर असू दे." कोण काय किती वेळा दाबतं ते सगळं त्याच्या तक्त्यात. माणूस गोड, पण लग्नाच्या पंगतीतही पानं मोजेल.

पाच हजारांत एक कॉम्प्युटर आईचा. परवा रविवारी जाऊन मीच तिचं नाव घालून आले. सांगितलं, चाळीस ओळी आहेत हं आई! तिचा प्रश्न — "तुझं नाव कुठाय त्याच्यावर?" नाव नसतं गं. "मग लोकांना कळणार कसं?"

तीस तारखेला मीटिंग. तोवर आवडला तर सगळ्यांकडे जाणार. सगळ्यांकडे! लाखो लोक माझं बटण दाबणार! अक्षर बघ कसं नाचतंय.

४ मार्च

अभिप्राय यायला लागले! कामं सोडून वाचत बसले. काही इथे उतरवून ठेवतेच —

"कॅल्क्युलेटर काल तिसऱ्या जागी होता. आज नाही. काही झालं का त्याला?"

"मेनूनं मला 'आलात का? बसा' म्हटलं. मी बसलेलोच होतो."

"रंग फार सुंदर. बायकोनं पडदे याच रंगाचे घ्यायचं ठरवलंय. मेनू मात्र परत घ्या."

"कॉम्प्युटर बंद करायचं बटण सापडलं तर कळवा. काल सकाळपासून चालूच आहे."

आणि माझा सगळ्यात लाडका — "मी रागावलेलो नाही. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय, की हे कोणी केलं."

मी! मी केलं! मोठ्यांदा ओरडले खुर्चीत. तो छापून टेबलासमोर चिकटवलाय. शिव्या पडतायत म्हणजे लोक बघतायत. नवीन चपलाही आधी चावतातच.

६ मार्च, शुक्रवार

आज तर कहरच! मोजणीवाला जिन्यावरून धावत आला. तो! जो पायऱ्या मोजत चढतो!

जुना मेनू माणूस दिवसातून सरासरी अकरा वेळा उघडायचा. माझा — एकतीस! जवळजवळ तिप्पट! "तोंडानं काहीही म्हणोत," तो म्हणाला, "बोटं खोटं बोलत नाहीत. लोक प्रेमात पडलेत." त्यानं आलेख एवढा मोठा छापून आणला की लिफ्टमध्ये मावेना, दोघांनी आडवा धरून जिन्यानं वर नेला. बाईसाहेबांनी केक मागवला. त्यावर क्रीमनं एकतीस लिहिलेलं. तीन माझ्या वाट्याला आला, एक मोजणीवाल्याच्या.

आईला फोन करून सांगायचं होतं. राहिलं.

८ मार्च, रविवार

आईकडे जायचा दिवस. नाही गेले. अभिप्राय वाचत बसले. तिला म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. "काम आहे ना, कर," म्हणाली. मेनू कसा वाटला विचारलं. "छान आहे. तू केलंयस ना!"

११ मार्च

तेहेतीस!!

१२ मार्च, गुरुवार

मोजणीवाल्याला एक रत्न सापडलंय. नंबर चार हजार सतरा. पाच हजारांत पहिला. काल एका दिवसात मेनू उघडला — दोनशे बारा वेळा! आम्ही दोघं तक्त्याकडे बघतच राहिलो. मग त्यानं मला टाळी दिली आणि मीही दिली आणि पाण्याचा ग्लास सांडला.

ऑफिसभर हीच चर्चा. कोण असेल हा माणूस? मला वाटतं एखादा चित्रकार. रंग बघायला उघडत असेल. मोजणीवाला म्हणतो, एकटा राहणारा खगोलशास्त्रज्ञ. का, ते सांगत नाही. बाईसाहेबांनी आल्या आल्या फर्मान काढलं — "चार हजार सतराला तीस तारखेला बोलवा. समोर उभं करा. मोठे साहेब लोक येणारेत, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे की मेनूवर इतकं प्रेम करणारं माणूस असतं."

माझा चाहता! मला चाहता आहे! आरशात बघून दोनदा म्हटलं.

१५ मार्च, रविवार

आईकडे जाणं राहिलं. मीटिंगच्या भाषणाची तयारी. तीन स्टॉपवर तर राहते, एखाद्या संध्याकाळी जाईन की.

१९ मार्च, गुरुवार

आज चार हजार सतराचा पत्ता काढला. नोंदणीचे कागद खालच्या कपाटात. मोजणीवाला गठ्ठा उलगडत होता, मी शेजारी उभी राहून चित्रकार, चित्रकार म्हणत होते. त्यानं कागद काढला, दोनदा वाचला. माझ्याकडे दिला.

अक्षर माझंच होतं. आईचा पत्ता.

आधी हसू आलं. आईच निघाली चाहती! मोजणीवालाही हसला. मग त्याचं हसू थांबलं, कारण माझं थांबलं. आई रोज कॉम्प्युटरवर तीन गोष्टी करते — पत्ते खेळते, इमारतीच्या नोटिसा टाइप करते, मावशीला पत्र लिहिते. तीन कामांना दोनशे बारा वेळा मेनू कशाला लागतो?

२२ मार्च, रविवार

गेले. मुद्दाम काही बोलले नाही, मागे खुर्ची घेऊन बसले.

आईनं मेनू उघडला. बघितलं. बंद केला. उघडला. बघितलं. बंद केला. असं सहा वेळा! मग कुठे पत्ते उघडले. म्हटलं, काय शोधतेस? "कुठे काय? छान आहे हो." आणि की-बोर्डखाली एक कागद पटकन सरकवला. बारीक अक्षरात लांब यादी दिसली. आज कोणता चौकोन कुठे गेलाय ते लिहून ठेवत असणार बिचारी! तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर काढलेली बाई. कुठल्या भोकात कुणाची वायर, डोळे मिटून सांगायची. आणि मी तिच्या समोरचा बोर्ड रोज हलवतेय. आणि ती मला 'छान आहे' म्हणतेय, कारण मी केलंय.

माझा चाहता हरवलेला माणूस आहे! मग बाकीचे? अकराचे एकतीस झाले ते काय प्रेमानं? अगं बाई, तीनदा उघडावं लागतंय कारण दोनदा सापडत नाहीये!

बसमध्ये बसून खूप हसले. समोरची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली.

२४ मार्च, मंगळवार

खात्री करायला पाच हजारांतल्या तिघांना ऑफिसात बोलावलं. एक शिंपीण, एक भूमितीचे मास्तर, एक दाताचा डॉक्टर. मी मागे, मोजणीवाला कोपऱ्यात.

शिंपिणीला चारदा मेनू उघडायला सांगितला, तिचा हात चारही वेळा आधी डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे काही नाही म्हटल्यावर तिनं हात मागे घेतला, कुणाच्या घरी चुकून शिरल्यासारखा. मास्तरांनी कॅल्क्युलेटर शोधला, नाही मिळाला, कागदावर गुणाकार केला आणि बरोबर केला. दाताचा डॉक्टर सभ्य माणूस. म्हणाला, "माझ्या ट्रेमधली हत्यारं रोज रात्री कुणी माझ्या सोयीनं लावून ठेवली, तर मी उद्या कुणाचा कोणता दात काढेन?"

मोजणीवाला जाताना एवढंच बोलला — "बोटं खोटं नाही बोलली. आपण त्यांना विचारलंच नाही की काय म्हणताय."

२७ मार्च

सांगायचं की नाही? तीस तारखेला गप्प राहिले तर मेनू सगळ्यांकडे जातो. माझा मेनू! नऊ वर्षांनी! आलेख तर आहेच, कुणाला कळणार?

मला कळणार. आणि आईसारख्या लाखो आया 'छान आहे' म्हणत राहतील. श्शी! उद्या परत हाच प्रश्न विचारलास तर याद राख.

३० मार्च, सोमवार

सांगितलं!

आलेखाच्या बाजूला उभी राहिले. म्हटलं, हा आलेख प्रेमाचा नाही, शोधाशोधीचा आहे. मग दाताच्या डॉक्टरचं वाक्य सांगितलं. मग आईचं सांगितलं, की आमचा सगळ्यात मोठा चाहता माझी आई आहे आणि तिला पत्ते सापडत नाहीयेत. बाईसाहेब चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे चार आठवडे लोक धडपडत होते आणि आपण केक खात होतो?"

आणि त्याच आधी हसल्या! मग मोठे साहेब हसले, मग सगळेच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते हसण्याचंच होतं. बहुतेक.

निकाल — मेनू असा सगळ्यांकडे जाणार नाही. बटण परत कोपऱ्यात, यादी परत, चौकोन जागचे हलणार नाहीत. मी विचारलं, आणि ओळी? "ओळी राहू देत," बाईसाहेब म्हणाल्या. "त्यांच्यामुळे कुणी हरवत नाही."

माझ्या अख्ख्या मेनूतल्या चाळीस ओळी उरल्या. वाईट वाटलं. खूप वाटलं. पण घरी येताना अंगावरून पोतं उतरल्यासारखी चालत होते. वेडी आहे मी!

६ एप्रिल, सोमवार

दुरुस्त मेनू पाच हजारांना गेला. या वेळी मोजणीवाल्यानं दाबलं. आईला फोन केला नाही. काय तोंडानं करू? महिनाभर छळलंय तिला. आकडा उतरला की करीन.

८ एप्रिल, बुधवार

तेहेतीसचे नऊ! जुन्या मेनूपेक्षाही कमी! आता लोक उघडतात, घेतात, जातात. आज आकडा पडल्याचा केक कापला, क्रीमनं नऊ लिहिलेला. एकच आकडा, त्यावरून भांडण. अभिप्राय आला — "कॅल्क्युलेटर सुखरूप परतला. धन्यवाद." तोही चिकटवलाय, लाडक्याच्या खाली.

मग मोजणीवाला हळूच म्हणाला, "एक जण मात्र उतरत नाहीये." चार हजार सतरा. काल दोनशे एकोणीस.

कसं शक्य आहे? सगळं जागच्या जागी आहे. यादी आहे, कोपरा आहे. आईला नक्की काय सापडत नाहीये?

९ एप्रिल

फोन केला. म्हटलं, आई, खरं सांग, कुठे हरवतेस?

"हरवते? मी? सहा वेळा बोर्ड बदलला आमचा, एक फोन चुकीच्या घरी जोडला नाही मी! पत्ते पहिल्या दिवशीच सापडले. तुझ्या त्या ओळी बघते गं. तू बोलल्यासारखं वाटतं. हल्ली येत नाहीस ना, मग तेवढंच. कागदावर लिहून ठेवल्यात, अडतीस झाल्या. दोन काही केल्या येत नाहीत."

म्हटलं, कागद घे आई. एकोणचाळिसावी लिही — आलेच हं!

बास. निघते.