माळ संपेपर्यंत थांबले

सूनबाई,

“आई, आधी मोडेम, मग राउटर. मध्ये घाई करू नकोस,” असं माझा लेक घर सोडून जाताना मला सांगून गेला होता. आज ते कामी आलं. सकाळी उठून बघते तर नेट बंद. महिन्याभराने तू त्याच्याशी बोलायला तयार झालीस, अकराला त्याचा व्हिडिओ कॉल, आणि माझं दुपारपर्यंत मौनव्रत. कंपनीला फोन तरी कसा करणार?

दोन्हींच्या पिना काढल्या, तेव्हा मोडेममागची गोल केबल सैल लागली. चूक माझीच. देव पुसताना खालच्या फळीवरचा मोडेमचा डबाही मी रोज पुसते, त्यात तिचा आटा फिरला असणार. केबल घट्ट पिळली, मोडेम लावला आणि एक माळ ओढत बसले. एकेक दिवा लुकलुकत शेवटचा स्थिर झाला, तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले बघ. करंगळीएवढी तार, पण तिच्यातून एवढ्या लांबचा माणूस घरात येऊन बसतो. मग राउटर लावला. नेट आलंय.

चहा थर्मासमध्ये आहे, साडेदहाचा गजर लावलाय. मनात आहे ते सगळं बोल त्याच्याशी.

“आई, तुम्ही घरात असलात की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही,” असं तू काल म्हणालीस, तेव्हा मी बाहेर जाईन म्हणाले होते. चपला हातात घेऊनच जिना उतरते, तुझी झोप मोडायला नको.

आई