ताटाची डावी बाजू

७ जुलै
उद्या फिजिओथेरपीवाल्या इरा मॅडम घरी येणार. न्यूरो असेसमेंट की काय ते. गेल्या महिन्यात मला मेंदूचा झटका आला म्हणे. मी ठणठणीत आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला? डाव्या पायातली चप्पल तेवढी निसटते, पण ती ढिलीच आहे. गंगापूर रोडवर उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या नाशिकला स्टेअरिंग धरायला शिकवलं. आता माझी टेस्ट ही पोरगी घेणार! असो. पास व्हायचं आणि रविवारी मालिनीला गाडीने इगतपुरीला तिच्या बहिणीकडे न्यायचं. ठरलं.

८ जुलै, दुपार
टेस्ट अगदीच सोपी. रेघेचा मध्य दाखवा, घड्याळ काढा. घड्याळ असं झकास काढलं की मॅडमनी कागद फाइलला लावून ठेवला. मग डोळे मिटायला लावून हातांना स्पर्श. दोन्ही हातांना एकदम शिवले, असं त्यांचं म्हणणं. साफ खोटं. उजव्यालाच शिवल्या. इतकी शिकाऊ पोरं हाताळली, मला फसवते?
जाताना दारात मालिनीशी कुजबुजल्या. मालिनी आत आली ती डोळे लाल. कांदा चिरत असणार.

९ जुलै
मॅडमचा फोन. माझा मेंदू डावी बाजू विसरलाय म्हणे. गाडी बंद! हसू आलं. गाडी ऑटोमॅटिक, डाव्या हातापायाला काम काय?
तक्रार: मालिनी हल्ली चटणी-कोशिंबीर वाढत नाही. आज बोललोच. तिने ताट गोल फिरवलं. चटणी हजर! मागून वाढली असणार. हात भलता चपळ आहे तिचा.

११ जुलै
मॅडमचा नवा हुकूम. मालिनीने कायम माझ्या डाव्या हाताला बसायचं, म्हणजे मी तिकडे वळेन. परिणाम असा की बायको दिवसभर दिसतच नाही. नुसता आवाज येतो. आज खरंच भीती वाटली. लिहून ठेवतो, कोण वाचतंय.
दाढी केली. मालिनी म्हणाली, अहो, अर्धीच झालीय. ब्लेड बोथट.

१२ जुलै
गाडीची किल्ली गायब. मालिनीला विचारलं तर म्हणाली, खुंटीवरच आहे, दिसली तर घ्या. सगळ्या खुंट्या पाहिल्या. नाही. मग ताट आठवलं. भिंत काही फिरत नाही, म्हणून मीच उजवीकडून गोल फिरलो. डाव्या टोकाच्या खुंटीवर किल्ली! डोकं शाबूत आहे, याला आणखी पुरावा काय हवा? मालिनीला बोललो नाही. उद्या सरप्राइज.

१३ जुलै, रविवार
गाडी अलगद बाहेर काढली. हात स्थिर. मालिनी हाका मारत होती, कुठून ते कळेना. फाटकाशी कुंडी पडल्यासारखा आवाज झाला. वाटेत कुंड्या ठेवू नकोस, किती वेळा सांगितलं! मालिनीला म्हटलं, चल, बस. ओ नाही. रुसली असेल.
शेजारचे वाल्मीकराव ओरडत धावत आले. मला घरात आणून बसवलं आणि सगळे फाटकाकडे गेले. एका कुंडीसाठी एवढी गर्दी!

१४ जुलै
कुंडी नव्हती. मालिनी होती. मला थांबवायला डावीकडून धावत आली होती. मांडीचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन. शुद्धीवर आल्या आल्या विचारत होती, ह्यांना लागलं नाही ना?
शिकाऊ पोरांवर जन्मभर एकच ओरडत आलो. डावा आरसा बघ.
वाल्मीकरावांकडून जेवणाचं ताट आलं. चटणी दिसली नाही. ताट गोल फिरवलं. पुन्हा फिरवलं. खरंच नव्हती.